खुंटीवरचा कोट

वकीलसाहेबांच्या खोलीत एकच खुंटी होती आणि तिच्यावर एकाच वस्तूचा हक्क होता. छत्री, पिशवी, टोपी यांपैकी काहीही तिथे अडकवलेले त्यांना चालत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नकळत माझी कापडी पिशवी तिला लावली. त्यांनी ती काढून माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाले, "ती जागा कोटाची आहे."

"पण कोट तर तुमच्या अंगात आहे," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? माणूस प्रवासाला गेला तरी घर त्याचंच असतं."

मी त्या वेळी विमा कंपनीच्या सांगली शाखेत दाव्यांचे काम पाहत होतो. त्याआधी काही वर्षे हायस्कुलात शिकवत होतो, त्यामुळे कोणतीही गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगण्याची खोड मला आहे. इथेही थोडे समजावून सांगितल्याशिवाय या गृहस्थांचा विक्षिप्तपणा वाचकांना नीट कळणार नाही, तेव्हा तेवढे सहन करावे.

वाहनाच्या विम्यात तीन पक्ष असतात. वाहनाचा मालक हा पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि वाहनाखाली जो सापडतो तो अनोळखी माणूस तिसरा. या तिसऱ्यासाठी कंपनी मालकाला दोन वचने देते. पहिले सर्वांना ठाऊक असते: कोर्टाने भरपाई ठरवली तर ती कंपनी देईल. दुसरे वचन पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असते आणि ते फारसे कोणी वाचत नाही: मालकावर दावा झाला तर त्याच्या बाजूने कंपनी लढेल, वकील कंपनी देईल, वकिलाची फीही कंपनीच भरेल. इथवर सगळे सरळ आहे. अडचण अशी की त्याच पॉलिसीत काही अटीही असतात आणि मालकाने एखादी अट मोडलेली असली तर कंपनीला पहिल्या वचनातून अंग काढून घेता येते. आता कंपनीने दिलेल्या वकिलासमोर मालक बसतो. हा आपला वकील, असे समजून मन मोकळे करतो. त्या बोलण्यातच कंपनीला सोडवणारी गोष्ट निघाली, तर तो वकील कोणाचा?

बहुतेक वकील हा प्रश्न स्वतःला विचारत नसत. आमच्या वकीलसाहेबांनी त्याच्यासाठी खुंटी ठोकली होती.

पद्धत ठरलेली होती. मी कंपनीचे कागद घेऊन गेलो की ते कोट घालून, ऐन वैशाखातही सगळी बटणे लावून, माझ्याशी बोलत. एखादा मालक किंवा ड्रायव्हर आला की मला व्हरांड्यातल्या बाकावर पाठवत, दार लावून घेत, कोट काढून खुंटीला अडकवत आणि पांढऱ्या सदऱ्यावर बसून म्हणत, "हं, आता बोला. कोट ऐकत नाही." तो माणूस गेला की कोट पुन्हा अंगात आणि मी पुन्हा आत.

"काय म्हणाला?" मी सुरुवातीला एकदा विचारले.

"कोण?"

"आत्ता गेला तो."

"मी तर आत्ताच आलो," असे म्हणून त्यांनी वरचे बटण लावले.

मला हसू आले. ते हसले नाहीत.

साताऱ्याच्या सदरबझारातल्या त्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. पत्नी फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हते. वातीच्या स्टोव्हवर स्वतःपुरता चहा करत आणि तो उभ्याने पीत. दुसऱ्या कोणाच्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याचा उलटतपास मला नीट घेता येत नाही," असे ते म्हणत. रस्त्यावर वाहने आहेत आणि माणसेही आहेत, त्यामुळे जिल्ह्यातला कोणीही कधीही चाकामागे किंवा चाकाखाली येऊ शकतो, हे त्यांचे गणित. लग्नाला गेले तर मांडवाच्या दारातूनच अक्षता टाकून परत फिरत.

संक्रांतीला एकदा मी तिथे असताना शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. वकीलसाहेबांनी हात पुढे केला नाही.

"अहो घ्या हो, वकीलसाहेब. माझ्याकडे साधी सायकलसुद्धा नाही!"

"रस्ता तर ओलांडता ना?"

"देवा रे," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे मी ट्रकखाली जाईपर्यंत हे माझं तोंड गोड करणार नाहीत!" तिळगूळ त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवला. संध्याकाळी मी निघेपर्यंत तो तिथेच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. वकीलसाहेब मधूनमधून मुंग्यांकडे पाहत होते. त्यांना गोड फार आवडे, हे मला पुढे कळले.

संध्याकाळी ते एस.टी. स्टँडवर जाऊन बसत. कोणाला घ्यायला नाही, कोणाला पोचवायलाही नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "इथे जो तो कुठे तरी निघालेला असतो. 'घरी या' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे नाही म्हणावं लागत नाही."

एक मात्र सांगितले पाहिजे. कोर्टात हा माणूस बदलत असे. पाटणकडचा एक टेम्पोवाला साक्षीला उभा होता आणि तो सारखा कोणाला तरी शोधत होता. वकीलसाहेब आपली जागा सोडून साक्षीच्या पिंजऱ्याजवळ जाऊन उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारले, "वकीलसाहेब, तुम्हाला काही म्हणायचं आहे का?"

"नाही साहेब. त्याला दिसेन असा उभा आहे, एवढंच."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुम्ही मास्तर होता, म्हणून सांगतो. भरपाई म्हणजे पैसे. ते आज ना उद्या कोणीही देतो. विम्यातली खरी वस्तू दुसरी आहे. कोर्टात माणूस एकटा उभा राहू नये, ही. सोबत विकत घेतो हो तो."

आणीबाणी उठून वर्षभर झाले असेल. उंब्रजचे एक गृहस्थ त्या सुमारास वकीलसाहेबांकडे येऊन गेले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गावात सगळे त्यांना मेजर म्हणत. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ट्रक घेतला होता आणि स्वतःच चालवत होते. सातारा आणि उंब्रजच्या मध्ये त्यांच्या ट्रकची धडक बसून सायकलवरून घरी निघालेला एक शिंपी गेला. मागे बायको आणि लहान मुले होती. तिने साताऱ्याला दावा लावला आणि कंपनीने मेजरांच्या बाजूने वकीलसाहेबांना उभे केले.

मेजर आले ते हातात गुळाची ढेप घेऊन. वकीलसाहेबांनी ती तशीच उचलून बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"आवं साहेब, घरच्या गुऱ्हाळाचा हाय. लाच न्हाई ती."

"म्हणूनच भीती आहे. लाच परत करता येते."

"लय कडक मानूस हाय गड्या ह्यो," मेजर माझ्याकडे पाहून म्हणाले. "आमचा करनलबी गूळ खायचा."

मग मी व्हरांड्यात गेलो. मेजरांचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा. दार बंद असूनही शब्द बाहेर येऊ लागले. वकीलसाहेबांनी दार उघडून मला सांगितले, "तुम्ही जरा कोपऱ्यापर्यंत फिरून या." मोठ्या आवाजाचा माणूस आला की ते असेच सांगत, त्यामुळे मला त्यात काही नवे वाटले नाही. मी परत आलो तेव्हा मेजर ढेप काखोटीला मारून निघून चालले होते आणि वकीलसाहेब कोट घालून बसले होते. त्याच महिन्यात पाटणचा दुसरा एक टेम्पोवाला आणि साताऱ्यातले एक स्कूटरवाले डॉक्टरही त्यांच्यासमोर असेच बसून गेले.

पुढच्या खेपेला गेलो, तर टेबलावर कापडात बांधलेली गाठोडी होती. आमच्या कंपनीचे त्यांच्याकडे असलेले सगळे खटले.

"घेऊन जा," ते म्हणाले.

"यांतले कोणते?"

"सगळे. एकही मागे ठेवू नका."

त्यांचे सगळे पोट आमच्या कामावर चाले. दुसरे पक्षकार त्यांनी कधी जोडलेच नव्हते. जोडणार कसे, चहाच घेत नसत. मी विचारले, "आमचं काही चुकलं का?"

"नाही."

"साहेब विचारतील. कारण काय सांगू?"

"वकील थांबला, असं सांगा."

गाठोडी मला एकट्याला उचलत नव्हती. अर्धी त्यांनी घेतली आणि स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आले. वाटेत एकदाच बोलले: "जपून न्या. यांत कितीतरी माणसं आहेत."

सांगलीच्या ऑफिसात त्या गाठोड्यांवरून चांगलीच करमणूक झाली. "म्हातारा सरकला," असे एक जण म्हणाला. "खुंटी पडली असेल," दुसरा. पण आमचे शाखाधिकारी पुण्याचे, हुशार गृहस्थ. ते हसले नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले, "एवढा जुना वकील असं का करेल? तुम्ही मास्तर होता ना? सांगा."

मी म्हणालो, "मला कळत नाही."

"मला कळतं. कुठल्या तरी पार्टीनं त्याच्याजवळ काही तरी कबूल केलंय. अट मोडल्याचं. ते आपल्याला कळलं तर आपण त्या केसमधून मोकळे. आणि तो ते सांगत नाही."

त्यांचे अनुमान खरे असेल तर त्याचा अर्थ सरळ होता. त्या खोलीत, कोट खुंटीवर असताना, कोणी तरी एक वाक्य बोलला होता आणि त्या वाक्यावर त्या माणसाचे वाहन, घरदार, शेती सगळे टांगलेले होते. ते वाक्य कोणाचे, तेवढेच कंपनीला हवे होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे साताऱ्याला गेलो. वकीलसाहेबांनी कोट घातला, सगळी बटणे लावली आणि खुर्च्या पुढे केल्या.

"वकीलसाहेब," शाखाधिकारी म्हणाले, "एकच केस सांगा. ती आम्ही दुसऱ्याकडे देतो. बाकीच्या सगळ्या तुमच्याकडे राहू द्या. फीचंही आपण बघू."

"माझ्या अंगात कोट आहे का?"

"आहे की."

"मग याला काही माहीत नाही."

"अहो, हे खेळ पुरे झाले. फी आम्ही देतो. म्हणजे तुम्ही आमचे वकील."

"पैसे तुमचे. उभा मात्र मी त्याच्यासाठी."

"कोणासाठी?" शाखाधिकारी खुर्चीत पुढे सरकले.

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, नाव ओठांवर आले आहे. मग ते म्हणाले, "जो जो समोर बसला, त्या प्रत्येकासाठी."

"तुमचं नाव आमच्या वकिलांच्या यादीतून जाईल."

"जाईल."

"मग करणार काय या वयात?"

त्यांनी उठून दार उघडले. आम्ही पायऱ्या उतरत असताना मी मागे वळून पाहिले. ते दारात उभे होते आणि एकेक बटण सोडत होते.

परतीच्या वाटेवर शाखाधिकारी स्वतःशीच म्हणाले, "नाही हो, वयच झालंय. काही असतं, तर एकच केस परत केली असती ना." मलाही ते पटले.

खटले नव्या वकिलाकडे गेले. तो तरुण आणि झटपट काम करणारा होता. त्याने बरेचसे तडजोडीने मिटवले. शिंप्याच्या विधवेचाही त्यात होता. पोलिसांच्या कागदांत सगळे रीतसर होते, चूक ट्रकचीच दिसत होती, भांडण्यासारखे काही नव्हते. कंपनीने तिला भरपाई दिली. चेक घ्यायला ती धाकट्या मुलाला कडेवर घेऊन आली होती.

साताऱ्याला माझे जाणे चालूच राहिले. काम नव्या वकिलाकडे असे, पण परतीची गाडी पकडण्यापूर्वी मी स्टँडवरच्या त्या बाकाकडे वळत असे. वकीलसाहेब पांढऱ्या सदऱ्यावर बसलेले असत. कोट आता खुंटीवरून हलत नव्हता. ते वाळले होते. जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांकडे पाहून 'याचे ब्रेक बघा', 'याला झोप येते आहे' असे पुटपुटण्याची सवय तेवढी शिल्लक होती. जागा लहान केली होती, म्हणजे दोन खोल्यांपैकी एक सोडली होती. मी एकदा म्हणालो, "आता तुम्ही कोणाचेच वकील नाही. आता तरी लोकांकडे चहाला जात जा. त्या काकूंकडे जा."

"अजून मुदत आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"आहे एक." आणि थोड्या वेळाने, "बोलावणारी माणसं आता सवयीनं बोलावत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे."

त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, थंडी सरत आलेली असताना, आम्ही असेच बाकावर बसलो होतो. कराडमार्गे सांगलीला जाणारी गाडी रखडली होती. स्टँडबाहेर एक ट्रक थांबला आणि त्यातून मेजर उतरून तरातरा आमच्याकडे आले.

"साहेब, आज सोडत न्हाई तुमाला. मुदत सरू द्या म्हनला हुता. सरली का न्हाई? अपील न्हाई, काय न्हाई. उठा. घरात आधन ठेवून बसल्यात."

वकीलसाहेब उठले नाहीत. हात पुढे करून म्हणाले, "आधी लायसन्स दाखवा."

मेजर मोठ्याने हसले आणि खिशातून परवाना काढून त्यांच्या हातावर ठेवला. "बगा, नीट बगा. फौजंतलं न्हवं ह्ये. हितल्या हापिसातलं हाय, तुमी सांगितलं त्याच हप्त्यात जाऊन…"

"मेजर!"

वकीलसाहेबांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. शेजारच्या बाकावरची एक बाईसुद्धा दचकली. मेजर माझ्याकडे पाहू लागले.

"ह्ये कोन? ह्ये तर त्या दिवशी हुतं की."

"कंपनी," वकीलसाहेब म्हणाले.

मेजरांनी जीभ चावली. आणि एखाद्या मंद विद्यार्थ्याला उदाहरण उशिरा सुटावे तसे ते मला तेव्हा सुटले. उभी हयात सैन्याचा ट्रक डोंगराकड्यांवरून चालवलेला हा माणूस. सैन्याचा परवाना त्याच्याजवळ होता आणि तो गावाकडच्या ट्रकलाही चालतो, अशी त्याची खात्री होती. ती चूक सैन्यातल्याच माणसाने करावी. अर्ज केला असता तर मुलकी परवाना त्याला सहज मिळाला असता, पण जे आपल्यापाशी आहे त्यासाठी अर्ज कशाला? अपघाताच्या जागी पोलिसानेही तोच परवाना पाहिला, बहुधा सलामही ठोकला, आणि 'लायसन्स पाहिले' असे लिहून टाकले. वकीलसाहेबांसमोर मेजर कदाचित अभिमानानेच ते बोलून गेले असतील.

परवान्याची अट मोडल्याचे कंपनीला कळते, तर कंपनी मोकळी झाली असती. भरपाईचा हुकूम एकट्या मेजरांवर झाला असता, ट्रक आणि शेती विकूनही तो पुरा पडला नसता, आणि शिंप्याच्या विधवेच्या हाती कोर्टाचा कागद राहिला असता. वकीलसाहेबांना ते कोर्टात लपवून उभे राहता येईना, आणि सांगताही येईना. कारण ऐकले ते मेजरांचा वकील म्हणून. उरला एक मार्ग, खटला सोडण्याचा. पण तो एकच सोडला असता तर सोडण्यानेच बोट दाखवले असते. म्हणून त्यांनी सगळे सोडले.

जपून न्या, यांत कितीतरी माणसं आहेत, असे म्हणाले होते ते.

"तुमीबी चला," मेजर मला म्हणाले. आवाज आता लहान झाला होता. "उंब्रजला सोडतो. तितनं गाडी घावंल."

वकीलसाहेबांनी परवाना पुढून मागून पूर्ण वाचला, परत केला आणि मगच ट्रकमध्ये चढले. ते मध्ये बसले, मी खिडकीशी. मेजर फार सावकाश, बैलगाडीलाही वाट देत चालवत होते. एका वळणाजवळ त्यांनी गाडी आणखी हळू केली आणि कपाळाला हात लावला. शिंपी तिथे गेला असावा. वकीलसाहेबांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले.

मेजरांचे घर उंब्रजला हमरस्त्यालगतच होते. घरधनीण दारात उभी होती.

"या की आत," मेजर मला म्हणाले. "घोटभर च्या घ्या अन् मग जावा."

मला चहाची तल्लफ आली होती आणि तो माणूस मनापासून बोलावत होता. फाइल बंद झाली होती, मला कोणी काही विचारणार नव्हते, आणि मीही काही सांगणार नव्हतो. पण माझे ते न सांगणे एका कप चहाच्या बदल्यात होते, असे पुढे मला स्वतःला कधी वाटायला नको होते.

"नको," मी म्हणालो. "मी कंपनीचा आहे."

"आवं, च्याच हाय नुसता!" मेजरांना ते लागले.

"राहू द्या, मेजर," वकीलसाहेब म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे." फळ्यावरचे गणित तपासून खडू खाली ठेवताना मी वर्गाकडे पाहत असे, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग चपला काढून ते आत गेले.

मी रस्ता ओलांडून गाडीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. समोरच्या ओटीवर घोंगडे अंथरले गेले. वकीलसाहेब त्याच्या अगदी कडेला बसले, दुसऱ्याच्या घरात कसे बसतात ते विसरलेल्या माणसासारखे. मेजर हातवारे करून सांगू लागले, "आवं नीट सरकून बसा की," असे काही तरी. घरधनीण कपबशी घेऊन आली, बरोबर वाटीत गुळाचा खडा. त्यांनी गूळ आधी तोंडात टाकला. मग फुंकर न घालताच बशी तोंडाला लावली आणि चटका बसून एकदम मागे घेतली. ती बाई पदर तोंडाला लावून हसली, मेजर हसले, आणि वकीलसाहेबही हसले.

गाडी बराच वेळ आली नाही. रस्त्याच्या या बाजूला मी एकटाच होतो.